जावईसाहेबांचं नाक

फोन आला तेव्हा बाई करपलेल्या दुधाचं पातेलं घासत होत्या. दूध लागल्याचं त्यांना खाली जिन्यातच कळलं होतं. भावजय शेगडीपासून चार हातांवर खुर्ची टाकून वर्तमानपत्र वाचत होती आणि तिला पत्ताच नव्हता. या घरात नाक म्हणून आपल्या एकटीलाच दिलंय, असं पुटपुटत बाईंनी हात टॉवेलला पुसले आणि फोन घेतला.

"बाई, मी 'तळघर' या बारचा मालक बोलतोय. तुम्ही 'कडू'च्या कारखान्यात होता ना?"

"एकतीस वर्षं. प्रयोगशाळेत."

"ग्रेट. आम्ही कडू परत आणतोय."

"परत आणताय? कुठून?"

"विस्मृतीतून," तो म्हणाला, आणि फोनवरसुद्धा कळलं की हे वाक्य त्याने याआधी बऱ्याच जणांना ऐकवलंय.

कडू म्हणजे आंबट संत्र्याची साल आणि एक कडवट मुळी मद्यार्कात मुरवून, करपवलेल्या साखरेने रंगवलेली दारू. बाटली तपकिरी, लेबल पिवळं, बूच असं की दातांनी ओढल्याशिवाय निघायचं नाही. ती प्यायचे माल उतरवणारे हमाल आणि अपचनाने गांजलेले कारकून, तेही उभ्या उभ्या, सोडा घालून. एकूण मालापैकी निम्मा तर खोकल्याच्या औषधाच्या कंपनीला जायचा. कारखाना बंद पडला त्याला एकोणीस वर्षं झाली होती आणि कडूसाठी कोणी रडल्याचं बाईंच्या ऐकिवात नव्हतं.

"जुन्या काळी कवी, राजदूत, नट, सगळे कडूच प्यायचे," बारवाला सांगत होता. "सगळी क्लासिक कॉकटेलं त्यावर उभी होती. मूळ कृती हरवली. पण तुमच्या कारखान्याचे जावईसाहेब अजून आहेत. त्यांच्या नाकाबद्दल आम्ही खूप ऐकलंय. आम्ही पाच नमुने तयार केलेत. त्यातला अस्सल कोणता ते साहेब सगळ्यांसमोर ओळखणार आहेत."

"ओळखतील की," बाई म्हणाल्या.

"फक्त त्यांची एक अट आहे. जुन्या सहायक बाई शेजारी बसायला हव्यात. म्हणजे त्यांना आठवायला बरं पडेल."

बाईंना हसू आलं, पण ते त्यांनी ओठांच्या आतच ठेवलं.

जावईसाहेब हे नाव कामगारांनी पाडलेलं. कारखान्याच्या मोठ्या मालकांची मुलगी त्याने केली आणि लग्नानंतर दोन महिन्यांत मुख्य मिश्रणकाराची खुर्ची त्याला मिळाली. सुरुवातीला त्याला थोडंफार येत होतं, हे बाईही नाकारत नसत. पण सदतिसाव्या वर्षी त्याला जबर ताप आला, पंधरा दिवस तो अंथरुणाला खिळला, आणि उठला तो नाक गमावून. चेहऱ्यावर नाक होतं, चांगलं सरळ आणि धारदार. त्याला वास तेवढा येत नव्हता. ही गोष्ट त्याने बायकोलाही सांगितली नाही. बाईंना ती कळली एका उंदरामुळे. नमुन्यांच्या खोलीत फरशीखाली उंदीर मरून पडला होता आणि दुर्गंधीमुळे दोन दिवस कोणी त्या दारावरूनसुद्धा जात नव्हतं. जावई मात्र तिथेच बसून डबा खात होता, अंड्याचा एकेक तुकडा चवीने चघळत.

बाईंनी दार लावून घेतलं आणि विचारलं, "साहेब, तुम्हाला वास येत नाही ना?"

त्याने डबा बाजूला सारला आणि चक्क हात जोडले. सासऱ्याला कळलं तर खुर्ची जाईल, घर जाईल, असं काय काय बोलला. बाईंना तेव्हा त्याची कीव आली होती. त्या आयुष्यात फारशी कोणाची कीव करत नसत, आणि एकदाच केली ती अंगाशी आली.

त्या दिवसापासून ठरलं. नमुने तपासताना बाई शेजारी नोंदवही घेऊन बसत. स्वतः वास घेऊन झाला की वहीवर पेन्सिल ठेवत. पेन्सिलचं टोक साहेबांकडे असलं की माल चांगला, दाराकडे असलं की टाकाऊ, आणि पेन्सिल वहीत खोचलेली असली की अजून मुरू द्यायचं. मग जावई डोळे मिटून ग्लास नाकाशी धरणार, मान डोलावणार आणि निकाल देणार. मोठे मालक समोर बसून ऐकायचे आणि स्वतः वास घेऊन पडताळायचे, कारण त्यांचं नाक शाबूत होतं. बावीस वर्षांत जावयाचा एकही निकाल चुकला नाही. बाटलीच्या लेबलवर त्याची सही छापली जाऊ लागली.

"जाणार नाही," बाईंनी भावजयीला सांगितलं.

"का बरं, ताई?" भावजयीने पेपर खाली ठेवला. "फोटोबिटो येतील. गाडी पाठवतील. घरात बसून तुम्ही माझ्या दुधाला नावंच ठेवणार ना?"

"तो माणूस पुन्हा माझ्या नाकाने मोठेपणा मिरवणार."

"मिरवू दे की. तुम्हाला एकदा तो वास घ्यायचा नाही का?"

घ्यायचा होता. एकोणीस वर्षांत बाजारात कुठे आंबट संत्र्यांची रास दिसली की त्या साल नखाने खरवडून बघत आणि विक्रेत्याची बोलणी खात. बारवाल्याला त्यांनी दुसऱ्या दिवशी होकार कळवला.

'तळघर' दुसऱ्या मजल्यावर होतं. लिफ्टने वर जायचं आणि मग तळघरात शिरायचं. आत भर दुपारी पडदे ओढून अंधार केलेला, भिंतींच्या विटा मुद्दाम उघड्या ठेवलेल्या. मोठं काउंटर, त्यामागे चामड्याचे एप्रन घातलेले तीन तरुण. एक चिमट्याने बर्फाचा चौकोन उचलून उजेडात धरून बघत होता, दुसरा काचेच्या घुमटाखाली धूर कोंडत होता. बाईंना वाटलं काहीतरी पेटलं. विचारलं तर म्हणे, हा धूर पेयाला 'आठवण' देतो. आणि पेयं द्यायची कशात, तर बीकरमध्ये, ज्यात बाईंनी उभा जन्म आम्लं मोजली आणि ज्याला चुकूनही तोंड लावू नये म्हणून नव्या मुलींना रागावलं.

पाहुणे पंचवीस-तीस असतील. कोणी इतर बारांचे मालक, कोणी दारूवर लिहिणारे, कोणी नुसतेच फोटो काढणारे. सगळे हळू आवाजात बोलत होते, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसे. एका गृहस्थाने बाईंना विचारलं, "तुम्ही तो सुवर्णकाळ पाहिलाय, नाही?"

"मी बाटल्या फुटताना पाहिल्यात," बाई म्हणाल्या. "बूच घट्ट बसायचं, माणसं दगडाने मान उडवायची."

"वा," त्या गृहस्थाने लगेच टिपून घेतलं. "किती रांगडं."

जावई मधल्या खुर्चीवर बसला होता. अठ्ठ्याहत्तरीचा, पण केस काळेभोर आणि कोटाच्या खिशाला रुमाल. त्याने बाईंना पाहिलं आणि उठून दोन्ही हात पुढे केले. "या, बाई. तुमच्याशिवाय आम्ही म्हणजे काय?" लोक कौतुकाने हसले. त्यांना तो विनय वाटला.

"पेन्सिल आणलीय ना?" त्याने कानाशी येऊन विचारलं.

"आणलीय."

"पूर्वीसारखंच."

कार्यक्रमाला वेळ होता. बाई हात धुवायला गेल्या. तिकडे जाणाऱ्या अरुंद बोळात बारवाल्याने कारखान्याचे जुने कागद चौकटीत घालून लावले होते: लेबलं, बॉयलरचा नकाशा, कामगारांच्या सहलीचा फोटो. बंद कारखान्याची रद्दी कोणीतरी पोत्याने विकली होती म्हणे. बाई सहज वाचत पुढे सरकत होत्या. चौथ्या चौकटीत एक पत्र होतं, कारखान्याच्या शिक्क्याचं, हाताने लिहिलेलं. अक्षर त्यांनी लगेच ओळखलं.

'प्रयोगशाळा सहायक बाई नोंदी ठेवण्याच्या कामी नेटक्या आहेत. वासाची विशेष जाण त्यांना नाही. वरिष्ठ रसायनतज्ज्ञाच्या रिकाम्या जागेसाठी त्यांचा विचार होऊ नये. त्यांना आहे तिथेच ठेवणं कारखान्याच्या हिताचं ठरेल.' खाली तीच सही, शेपूट काढलेली, जी लेबलवर छापत असत.

बाईंनी पत्र दोनदा वाचलं. ती जागा निघाली तेव्हा त्या अठ्ठेचाळीस वर्षांच्या होत्या. त्यांनी अर्ज केला होता. नकार आला तेव्हा जावईच त्यांना सांगायला आला होता, चेहरा पाडून: "काय करणार, बाई, सासऱ्यांना त्या खुर्चीत बाईमाणूस नको आहे." तेवीस वर्षं बाईंनी त्या म्हाताऱ्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या. तो वारला तेव्हा त्या अंत्ययात्रेलासुद्धा गेल्या नव्हत्या.

"सुंदर अक्षर आहे ना?" बारवाला मागून येत म्हणाला. "कागदाचा पोत बघा. लोक इथे उभे राहून फोटो काढतात."

"वाचतात का?"

"अं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या आणि हात न धुताच परतल्या.

टेबलावर पाच बीकर मांडले होते, पुढे आकड्यांच्या चिठ्ठ्या. बाईंनी ते बाजूला सारले आणि निमुळत्या तोंडाचे ग्लास मागवले, वर झाकायला बशा आणि साधं पाणी. पाणी घालून तीव्रता निम्म्यावर आणल्याशिवाय वास कळत नाही, हे इथे कोणालाच माहीत नव्हतं. एप्रनवाले धावले. "ओल्ड स्कूल," कोणीतरी भारावून कुजबुजलं. दाराशी एकच माणूस काही न बोलता उभा होता. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, हातांवर भाजल्याचे जुने डाग. नमुने त्यानेच गाळले होते. बारवाला त्याची ओळख करून द्यायला विसरला आणि नंतर 'हे आमचे भट्टीवाले' एवढंच म्हणाला.

बाईंनी पहिल्या ग्लासवरची बशी उचलली. साल कमी, साखर जास्त करपलेली. पेन्सिल दाराकडे. जावयाने ग्लास घेतला, डोळे मिटले, नाकपुड्या फुलवल्या. "नाही," तो म्हणाला. "हा आपला नव्हे. हा घाईत आहे." लोकांनी मान डोलावली.

दुसरी बशी उचलली आणि बाई थांबल्या. सकाळी दहाची प्रयोगशाळा, उंच लाकडी स्टूल, खिडकीबाहेर वाळत टाकलेल्या सालींच्या चटया. सालीचा आंबट तेलकट वास आधी आला, मग मागून मुळीचा मातकट कडवटपणा, आणि शेवटी करपलेल्या साखरेचा नुसता चटका. सालीबरोबर पांढरा गर थोडा जास्त गेला होता, मुळीही दिवसभर जास्त मुरली होती. पण बाकी तेच. दाराशी उभ्या असलेल्या त्या माणसाने हे कोणाच्या सांगण्याशिवाय, नुसतं चाचपडत शोधून काढलं होतं. बाईंनी पुन्हा एकदा वास घेतला, गरज नसताना.

मग त्यांनी पेन्सिल दाराकडे वळवली. दोन नंबरशी त्यांचं काही वैर नव्हतं, मनाला लागलंच. जावयाने ग्लास हुंगला, कपाळाला आठी घातली आणि खाली ठेवला. "जवळ आलाय, पण यात आत्मा नाही." भट्टीवाल्याने हाताची घडी सोडली आणि परत घातली.

तिसरा म्हणजे बाजारातला अर्क, संत्र्याच्या गोळ्यांसारखा. बाद. चौथ्याची बशी बाईंनी अर्धीच उचलली आणि परत ठेवली. ओला पुठ्ठा, न धुतलेलं कुत्रं आणि साबण. भट्टी संपत आली की शेवटी जे उतरतं आणि जे गटारात ओततात, ते. बाईंनी सवयीने आपल्या बाहीचा वास घेऊन नाक निवळलं. पाचवा कच्चा होता, नुसता डोळ्यांत जाणारा, तो बाद करायला क्षणही लागला नाही.

मग मागे ठेवलेल्या चौथ्यासाठी त्यांनी पेन्सिल उचलली आणि टोक सरळ जावयाकडे केलं.

जावयाने ते पाहिलं. ग्लास उचलला, छातीशी धरला, मग नाकाशी नेला. त्याच्या डोळ्यांच्या कडा ओलावल्या; हे त्याला पूर्वीही जमत असे.

"हाच," तो म्हणाला. "हा वास मी झोपेतही ओळखेन. सासरे असते तर आज त्यांनी मला मिठी मारली असती."

टाळ्या झाल्या. चार नंबर सगळ्यांना थोडा थोडा वाटला गेला. बाई खुर्चीत नीट बसल्या आणि बघू लागल्या. आता पहिला घोट घेऊन कोणीतरी तोंड वाकडं करील, कोणीतरी म्हणेल की साहेब, हे काय, याला तर घाण येते. त्या एका क्षणासाठी त्यांनी हे केलं होतं.

"जुन्या लायब्ररीचा वास आहे," एकजण म्हणाला.

"हो, आणि थोडा पाळीव प्राण्यासारखा. उबदार."

"धाडसी आहे. आताच्या लोकांना झेपणार नाही."

एका बाईंना ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं आणि त्या म्हणाल्या, "सॉरी, मला आजोबा आठवले." शेजारच्याने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. टिपणं घेणारे गृहस्थ भराभर लिहीत होते. एप्रनवाल्याने त्या घाणीत चिमट्याने बर्फ टाकला, वर संत्र्याच्या सालीची गुंडाळी ठेवली आणि धूर सोडला.

बाई एकेक चेहरा बघत गेल्या. तीस माणसं. एकेकाच्या अंगाला परदेशी अत्तराचा घमघमाट, जिभेवर शंभर पेयांची नावं, आणि नाकं नुसती चष्मा टेकवायला. जावयाची नाचक्की व्हायची तर समोर निदान एक धड नाक तरी हवं होतं. त्यांना जावयाचा राग होता, पण या लोकांवर रागवायचं म्हटलं तरी ते वाया जाण्यासारखं वाटलं. त्यांनी वही मिटली आणि उठल्या.

मागच्या बाजूला ग्लास धुवायची मोरी होती. तिथे भट्टीवाला उरलेला चार नंबर मोरीत ओतत उभा होता.

"हे काय होतं?" बाईंनी विचारलं.

"भट्टीचं शेवटचं. फेकायचंच होतं. म्हटलं, ठेवून बघू, म्हातारा ओळखतो का." त्याने नळ सोडला. "त्याने नाही ओळखलं. तुम्ही ओळखलंत."

"कशावरून?"

"मी त्याच्याकडे बघतच नव्हतो. तुम्ही बशी अर्धी उचललीत, परत ठेवलीत आणि बाहीचा वास घेतलात. नाक निवळायला बाही लागते हे ज्याला काम येतं त्यालाच माहीत." त्याने नळ बंद केला. "मग पेन्सिल त्याच्याकडे का वळवलीत?"

पेन्सिलचं कोणाच्या लक्षात येईल असं बाईंना बावीस वर्षांत वाटलं नव्हतं.

"त्या बोळात एक पत्र आहे," त्या म्हणाल्या.

"चौथी चौकट? मी रोज वाचतो, हात धुवायला जाताना." त्याने बाईंकडे नीट बघितलं. "त्यातल्या बाई तुम्ही होय?"

"मीच."

त्याने काही वाईट वाटल्याचं बोलून दाखवलं नाही, आणि बाईंना ते बरं वाटलं. त्याने एका रिकाम्या खोक्याचं झाकण फाडलं, कानामागचं पेन काढलं आणि विचारलं, "दोन नंबर कसा होता?"

"तुम्हाला खरं हवंय?"

"इथे तुम्हीच सांगू शकता."

बाईंनी सांगितलं. साल सोलताना सुरी खोल जातेय, पांढरा गर येतोय. मुळी एक दिवस आधी काढा. साखर बरोबर आहे, तिला हात लावू नका. मद्यार्क चांगला आहे, पण तांब्याची नळी आतून घासायला झालीय, किंचित धातूची चव उतरते. तो लिहीत होता. तोवर जन्मभर लिहायचं काम बाईंचं असायचं आणि बोलायचं दुसऱ्या कोणाचं. आपण सांगतोय आणि समोरचा उतरवून घेतोय, हे पहिल्यांदाच होत होतं. त्या मुद्दाम हळू बोलल्या.

परतीला बारवाल्याने दोघांना एकाच गाडीत बसवलं. जावई खुशीत होता, मागच्या सीटवर रेलला होता.

"बाई, आज तर आपण कमाल केली."

"त्या बोळातलं पत्र तुम्ही पाहिलंत का, साहेब?"

"पाहिलं. त्याला म्हटलं काढ, तर म्हणतो अक्षर सुंदर आहे."

"मला तुम्ही सांगितलं होतंत की मोठ्या मालकांना नको होतं."

"ते जाऊ द्या. जुन्या गोष्टी."

"त्यांना नको होतं का?"

जावयाने खिडकीबाहेर बघितलं. "त्यांनीच तुमचं नाव सुचवलं होतं," तो म्हणाला. "म्हणून तर लिहावं लागलं. तुम्ही वर गेला असतात तर माझ्या शेजारी कोण बसलं असतं? मी तर खालीच गेलो असतो. तुम्ही माझ्या जागी असतात तर काय केलं असतंत?"

हे त्याने अगदी सहज विचारलं, पत्ता विचारावा तसं. बाईंना त्याच्या तोंडाकडे बघवेना. एवढी वर्षं त्या त्याला लबाड समजत होत्या. लबाड माणसाला निदान आपण लबाडी केली हे माहीत असतं.

"चार नंबर गटारातला माल होता," बाई म्हणाल्या. "मी तुम्हाला मुद्दाम खोटी खूण केली."

जावई ताठ बसला. हात रुमालाकडे गेला. "कोणाला कळलं का?"

"नाही."

"नक्की? त्या लिहिणाऱ्यांपैकी कोणाला?"

"नाही म्हटलं ना."

तो परत मागे टेकला. "मग ठीक आहे," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने खिशातून पेपरमिंटची गोळी काढून बाईंपुढे धरली. "घ्या."

"गाडी थांबवा," बाईंनी चालकाला सांगितलं. घर अजून दोन चौक लांब होतं. त्या उतरल्या आणि चालत गेल्या.

आठवड्याने भावजयीने पेपर पुढ्यात आणून टाकला. पानभर फोटो: जावई, हातात ग्लास, डोळे मिटलेले. उजव्या कडेला बाईंची दोन बोटं आणि बाही.

"हे बघा. तुमचा हात आलाय, तोही अर्धा," भावजय चिडून म्हणाली. "आणि काय लिहिलंय बघा, 'एका नाकाने वाचवलेला वारसा'. तुम्ही का नाही बोललात तिथे?"

"कोणाला सांगणार होते? तिथे खुर्च्या होत्या नुसत्या."

"मग आम्हाला तरी सांगायचं एवढी वर्षं."

त्या दिवशी बाईंनी भावजयीला उंदराची गोष्ट सांगितली. अंड्याचं ऐकून भावजय इतकी हसली की तिला बसावं लागलं.

बारवाल्याला चार नंबरच बाटलीत हवा होता. भट्टीवाल्याने बरं म्हटलं आणि सुधारलेला दोन नंबर भरला. बारवाल्याने चव घेऊन सांगितलं की तीच खोली आहे, तोच आत्मा आहे. लेबलवर जावयाची सही छापली गेली. टिपणं घेणाऱ्या गृहस्थांनी लांबलचक लेख लिहिला आणि त्यात ओल्या पुठ्ठ्याच्या वासाचं, जो आता बाटलीत नव्हताच, फार कौतुक केलं.

पुढच्या महिन्यात जावयाचा फोन आला. दुसऱ्या शहरात असाच कार्यक्रम होता, एक वेगळी विसरलेली दारू, कुठल्याशा फळाची. "बाई, गाडी कधी पाठवू?"

"मी येणार नाही."

"मग मी काय करू?"

"काहीही करा," बाई म्हणाल्या. "चालेल."

तो गेला, एकटाच. डोळे मिटले, एक ग्लास उचलला आणि हाच म्हणाला. भरपूर टाळ्या झाल्या, त्याचाही फोटो आला. मग अशी आमंत्रणं त्याला वरचेवर येऊ लागली. तिथे त्याचा निकाल पडताळायला सासरा बसलेला नव्हता. आपल्यावाचून त्याचं काही अडणार नाही, हे कळल्यावर बाईंना जरा टोचलं. नाही असं नाही. दोन दिवस त्यांनी घरात कोणाशी धड बोलणं केलं नाही आणि दोन्ही दिवस दूध स्वतः तापवलं.

मग मंगळवारी त्या बस पकडून शहराबाहेर भट्टीवाल्याच्या शेडवर गेल्या. पत्र्याचं छप्पर, एक तांब्याची भट्टी, पिंपं, आणि चटयांवर वाळत घातलेल्या साली. त्याने त्यांना स्टूल दिलं, चहा दिला आणि साली दाखवल्या. बाईंनी एक साल उचलली, उलटी करून बघितली आणि नखाने आतला पांढरा गर खरवडला.

"हे काय आहे?"

"थोडा गर राहतोच, बाई. सुरीने याहून पातळ निघत नाही."

"निघते. चाळीस बायका रोज काढायच्या."

"त्यांचे हात वेगळे."

"हात सारखेच असतात. घाई वेगळी असते."

त्याने दुसरी साल उचलली, तिसरी उचलली, स्वतःच उजेडात धरून बघितली. त्यावर बराच वेळ वाद झाला. दोघांचेही आवाज चढले, चहा गार झाला. शेवटी त्याने चटईचं एक टोक धरलं.

"मग ही सगळी फेकू?"

"फेका," बाई म्हणाल्या. "आणि सुरी इकडे द्या. मी दाखवते."